वेड पांघरून पेडगावला निघालेला राजपुत्र

शेक्सपिअरच्या नाटकातला डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट पडद्याआड लपलेल्या पोलोनियस या दरबारी मंत्र्याला भोसकून आई गर्ट्रूडशी भांडतोय. मध्येच त्याला बापाचं भूत दिसतं. आईला मात्र काहीच दिसत नाही. मुलगा रिकाम्या हवेशी बोलतोय हे पाहून गर्ट्रूड म्हणते, हे सगळं तुझ्या मेंदूने रचलेलं आहे. त्यावर हॅम्लेट आपण शहाणे असल्याचे दोन पुरावे देतो. पहिला म्हणजे नाडी. बघ, तुझ्याइतकीच शांत चालली आहे. दुसरा जास्त मजेदार आहे. घे परीक्षा, आत्ता जे बोललो ते शब्दन् शब्द पुन्हा सांगतो. वेड असतं तर त्याने भलतीकडेच उड्या मारल्या असत्या.

1600 च्या आसपास लिहिलेल्या नाटकात एक पात्र स्वतःची मानसिक तपासणी स्वतःच सुचवतं! नाडीचा पुरावा सोडून द्या, भयंकर भ्रमात असलेल्या माणसाची नाडीही शांत असू शकते. दुसरा पुरावा अर्धा खरा आहे. काही तीव्र मनोविकारांत विचारांची साखळीच तुटते, एका वाक्याचा पुढच्याशी मेळ राहत नाही. अशा माणसाला आपलं बोलणं जसंच्या तसं परत सांगणं जड जाईल. पण ज्याला फक्त ठाम संशय जडलाय, शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतायत असं वाटतंय, तो आपली हकिगत शंभरदा बिनचूक सांगेल. म्हणजे हॅम्लेटची परीक्षा एका जातीचं वेड पकडते, दुसरं तिच्या हातून निसटतं.

सोंगाची घोषणा मात्र त्याने पहिल्याच अंकात केलेली असते: यापुढे मी विचित्र वागलो तर ओळख दाखवू नका. पुढे गंमत पाहा. मित्र होरेशिओसमोर तो एकदम शुद्धीवर असतो, पोलोनियस आला की बिघडतो. मला ओळखलंत का, असं पोलोनियस विचारतो. उत्तर येतं, छान ओळखलं, तुम्ही मासळीवाले. या वेडात काहीतरी संगती आहे, असं तो म्हातारा पुटपुटतो. सबंध नाटकात त्याचं बरोबर ठरलेलं बहुधा हे एकच निदान.

चुकीचं, पण प्रश्न नीट कळल्याशिवाय देता न येणारं उत्तर. जर्मन डॉक्टर सिगबर्ट गान्झर यांनी 1897 साली काही कैद्यांमध्ये हेच टिपलं. घोड्याला पाय किती, तर तीन, अशा धर्तीचं. हे सोंग की आजार, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. पण एक गोष्ट नक्की: बरोबर उत्तराच्या इतक्या जवळ जाऊन चुकायचं, तर ते डोक्यात कुठेतरी असावं लागतं.

सोंग पकडण्याच्या काही चाचण्या नेमक्या याच फटीत बोट घालतात. स्विस मानसशास्त्रज्ञ आन्द्रे रे यांच्या चाचणीत 15 चिन्हं काही सेकंद दाखवून ती आठवून काढायला सांगतात. ‘पंधरा’ हा आकडा मुद्दाम जोर देऊन सांगायचा. प्रत्यक्षात त्यात सलग अक्षरं, सलग आकडे आणि सोप्या आकृत्या असतात, त्यामुळे मेंदूला इजा झालेले अनेक जणही त्यातली बरीच सांगतात. सोंग घेणारा आकड्याला भुलून कमी सांगतो. चाचणी अचूक नाही, मुरलेले नट तिला सहज चकवतात. दुसरी पद्धत मला अधिक आवडते: आधी दाखवलेल्या गोष्टींवर दोन पर्यायांचे 50 प्रश्न. काहीच आठवत नसलेला माणूस नुसत्या अंदाजाने 25 च्या आसपास बरोबर येईल. कुणाचे 12 च बरोबर आले, तर योगायोगाने तसं होण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. इतकं चुकायचं तर बरोबर उत्तर माहीत असून टाळावं लागतं.

मुलाखतीतही खुणा सापडतात. खरा रुग्ण बऱ्याचदा लक्षणं लपवतो, सोंग घेणारा मिरवतो. सोंगवाल्याला आवाज चोवीस तास ऐकू येतात. खऱ्या रुग्णाचे सहसा येतात-जातात आणि ते कमी करायच्या त्याच्या युक्त्याही असतात.

पोलोनियसची मुलगी ओफेलिया बापाच्या मरणानंतर खरोखर वेडी होते. तिचं वेड यातल्या कशातच बसत नाही. ते समोर कोण आहे हे बघत नाही. राजा असो, राणी असो, तीच तुटक गाणी, मध्येच चावट ओळी, मग बापाच्या मरणाचा उल्लेख, मग फुलं वाटणं. तिच्याबद्दल दरबारातला एक जण जे सांगतो ते डॉक्टरांनीही लक्षात ठेवावं: तिच्या बोलण्यात काही नाही, पण ऐकणारे ते तुकडे आपापल्या विचारांप्रमाणे जोडून घेतात.

लंडनच्या लायसियम नाट्यगृहात 1878 साली ओफेलिया साकारण्यापूर्वी एलन टेरी ही नटी वेड्यांच्या इस्पितळात गेली. तिथली माणसं तिला फारच नाटकी वाटली! ती परत निघणार इतक्यात एक मुलगी दिसली. भिंतीकडे एकटक बघत, कशाची तरी वाट पाहत असल्यासारखी. मग एकाएकी हात वर फेकून ती पाकोळीसारखी खोलीच्या दुसऱ्या टोकाला धावली. टेरीला हवं होतं ते मिळालं.

शेवटच्या अंकात हॅम्लेट पोलोनियसच्या मुलाची, लेअर्टीसची, माफी मागतो. तुझ्या बापाला हॅम्लेटने मारलं नाही, हॅम्लेटच्या वेडाने मारलं, तो बिचारा स्वतःच त्या वेडाचा बळी आहे. कोर्टात आजही होतो तसाच हा बचाव, आणि तो करणारा माणूस सोंगाची पूर्वसूचना देऊन बसलेला. ऐकणारा लेअर्टीस ओफेलियाचा भाऊ. तिला फुलं वाटताना त्याने पाहिलेलं. मन निवलं, असं तो म्हणतो. समेट मात्र करत नाही. त्याने निवडलेल्या तलवारीच्या टोकाला विष लावलेलं असतं.