फोटोतलं मूल कोण? ऑनलाइन बाललैंगिक शोषणाविरुद्धच्या तपासाची पार्श्वभूमी

डार्क वेबवरचं, म्हणजे इंटरनेटच्या छुप्या भागातलं, ‘किडफ्लिक्स’ हे बाललैंगिक शोषणाच्या चित्रफितींचं संकेतस्थळ बंद पाडल्याचं युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेने २ एप्रिल २०२५ रोजी जाहीर केलं. या संकेतस्थळाचे वापरकर्ते सुमारे १८ लाख होते. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या पोलिसांनी पुढाकार घेतलेल्या या तपासात ३५ हून अधिक देश होते. १,३९३ संशयितांची ओळख पटली, ७९ जणांना अटक झाली आणि ३९ मुलांना संरक्षण मिळालं. बातम्यांत १८ लाखांचा आकडा गाजला. माझ्या मते लक्षात ठेवायचा आकडा ३९ आहे, कारण गेली पंचवीस-तीस वर्षं या तपासाची खरी अडचण छायाचित्रांतल्या मुलांपर्यंत पोचण्याचीच आहे.

हा गुन्हा इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. मडगावात अनाथ मुलांसाठी वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये पकडलं, तेव्हा त्याच्याकडे मुलांची २,३०५ छायाचित्रं सापडली. मुलांना परदेशी पर्यटकांच्या हवाली केलं जात होतं. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण ते पुरावे एका घरात, एका कपाटात होते. पुढे तसं राहिलं नाही.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियात एका मुलीवरच्या अत्याचाराच्या तपासातून ‘ऑर्किड क्लब’ नावाची टोळी उघडकीला आली. तिचे धागे ब्रिटनमध्ये पोचले आणि तिथून ‘वंडरलँड क्लब’चा माग लागला. या क्लबात शिरायचं तर मुलांची दहा हजार छायाचित्रं जमा करावी लागत. २ सप्टेंबर १९९८ रोजी ब्रिटिश पोलिसांच्या नेतृत्वाखाली डझनभर देशांत एकाच वेळी छापे पडले. साडेसात लाख छायाचित्रं हाती आली. त्यांत १,२६३ वेगवेगळी मुलं मोजली गेली. ओळख पटली ती वीसपेक्षाही कमी मुलांची. ब्रिटनमध्ये २००१ साली सात जणांना शिक्षा झाली, ती १२ ते ३० महिन्यांची! गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यात कमाल शिक्षाच तीन वर्षं होती. तोवर ती मर्यादा दहा वर्षांवर नेली गेली होती, पण या सात जणांना ती लागू झाली नाही: जुन्याच कायद्यामुळे ते कमी शिक्षेवर सुटले.

त्या बाराशे चेहऱ्यांनी पोलिसांची कामाची पद्धत बदलली. इंटरपोलने २००१ मध्ये छायाचित्रांचा सामायिक संग्रह सुरू केला आणि २००९ मध्ये तो वेगवेगळ्या देशांच्या तपास अधिकाऱ्यांना थेट वापरता येईल असा केला. इथे अधिकारी आरोपीच्या आधी खोली पाहतात. भिंतीवरचा विजेचा सॉकेट कुठल्या देशातला, पिशवीवर कुठल्या दुकानाचं नाव, खिडकीबाहेर काय दिसतं. युरोपोल २०१७ पासून अशा छायाचित्रांतली फक्त वस्तू कापून लोकांसमोर ठेवतं आणि ‘ही कुठे मिळते?’ असं विचारतं. त्याच २००९ साली मायक्रोसॉफ्ट आणि संगणकतज्ज्ञ हॅनी फरीद यांनी ‘फोटोडीएनए’ आणलं. ओळखीचं छायाचित्र पुन्हा कुठे आलं, तर ते त्याच्या गणिती ठशावरून पकडता येऊ लागलं. मात्र काल काढलेलं नवं छायाचित्र त्याला ओळखता येत नाही, आणि ज्या मुलाची सुटका आज करायची असते ते बहुतेकदा त्याच नव्या छायाचित्रात असतं.

पुढे या टोळ्या वापरकर्त्याची ओळख लपवणाऱ्या ‘टॉर’ नेटवर्कवर गेल्या आणि इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून घर गाठणं संपलं. मग माणसाच्या सवयी उपयोगी पडल्या. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड पोलिसांचं ‘टास्क फोर्स आर्गोस’ एका संकेतस्थळाच्या चालकाच्या मागावर होतं. तो नेहमी ‘हाय्याज’ असं वेगळंच अभिवादन लिहायचा. तेच अभिवादन फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या शौकिनांच्या चर्चेत सापडलं, आणि त्या धाग्यावरून पोलीस २०१४ मध्ये ॲडलेडला पोचले. तो सरकारी बालसंगोपन केंद्रात काम करत होता. त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. अटकेनंतर अधिकारी त्याच्याच नावाने ते संकेतस्थळ चालवत राहिले आणि इतरांपर्यंत पोचले.

हीच युक्ती एफबीआयने २०१५ मध्ये ‘प्लेपेन’ या टॉरवरच्या अशाच संकेतस्थळाबाबत वापरली. सर्व्हर ताब्यात घेऊन तो १३ दिवस सुरू ठेवला. त्यातून अमेरिकेत ५५ आणि बाहेर २९६ मुलांची ओळख पटली किंवा सुटका झाली, हे खरं. पण त्या १३ दिवसांत मुलांची छायाचित्रं सरकारी सर्व्हरवरून फिरत राहिली, हेही खरं. एकाच वॉरंटवर हजारो संगणक तपासल्यावरून न्यायालयांत वर्षानुवर्षं वाद झाले. मुलं वाचली म्हणून हा प्रश्न मिटला असं मला वाटत नाही.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं अशा सामग्रीविरुद्धचं कलम ६७ब २००९ पासून, तर पॉक्सो हा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा २०१२ पासून लागू आहे. तपासाला वेग आला तो २०१९ मध्ये. अमेरिकी इंटरनेट कंपन्यांकडून ‘एनसीएमईसी’ या तिथल्या बालसंरक्षण संस्थेकडे जाणाऱ्या सूचना भारताला मिळाव्यात, असा करार एनसीआरबीने, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, केला. आता सूचना दिल्लीहून राज्याकडे, महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या सायबर गुन्हे विभागाकडे आणि तिथून स्थानिक पोलीस ठाण्यात येते. सीबीआयने २०२१ मध्ये ‘ऑपरेशन कार्बन’ आणि २०२२ मध्ये न्यूझीलंड पोलिसांच्या माहितीवरून ‘मेघचक्र’ राबवलं. इंटरपोलचा तो संग्रह सीबीआयला २०२२ मध्येच खुला झाला. म्हणजे तोपर्यंत मोबाइलधारक सापडत होता, पण क्लिपमधलं मूल जगात आधीच कुणी ओळखलंय का, हे थेट पाहायची सोय नव्हती.

सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि अशी सामग्री बाळगणंही पॉक्सोखाली गुन्हा ठरू शकतो हे स्पष्ट केलं. ‘या नराधमाला शोधा’ म्हणत व्हॉट्सॲपवर क्लिप पुढे ढकलणाराही कलम ६७ब च्या कचाट्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते, आणि मूल संकटात दिसलं तर १०९८ वर.