बाळागोळी ते सिरप : मुलांच्या झोपेची पार्श्वभूमी

मुंबईच्या गिरणगावात बाळागोळी ही रोजच्या वापरातली वस्तू होती. अफू घातलेली ही बारीकशी गोळी दिली की मूल तासन्‌तास पडून राही. अंगाई होती, झोळी होती. पण झोळी हलवायला माणूस लागतं, आणि ते गिरणीत सूत गुंडाळण्याच्या वायंडिंग खात्यात उभं. 1891 च्या कारखाना कायद्याने बायकांचा कामाचा दिवस 11 तासांवर आणला, तोही जाण्यायेण्याचा वेळ सोडून. रात्री एका खोलीत सगळं कुटुंब, पहाटे भोंगा. मूल किरकिरत राहणं परवडणारं नव्हतं.

1893 ते 1895 या काळात अफूची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे मुलांना अफू देण्याची चाल साक्षींतून आली होती. नऊपैकी एका सदस्याने विरोधी मत नोंदवलं. बाकीच्यांनी हिंदुस्थानात सरसकट बंदीची गरज नाही असं ठरवलं. अफूचा महसूल सरकारच्या तिजोरीत जात होता, त्यामुळे तो निर्णय समजतो, पटत नाही. त्याची बाजू घेणारे म्हणतात, जुलाब-खोकल्यावर गरिबाघरी दुसरं औषध होतं कुठे? खरं आहे. पण बाळागोळी धडधाकट मुलालाही मिळत होती. अफूने भूक मरते, पोट बांधलं जातं, श्वास मंदावतो. शहाणं, शांत म्हणून कौतुक होणारं मूल बऱ्याचदा अर्धपोटी असे.

1920 च्या दशकाच्या सुरुवातीच्या एका पाहणीत मुंबईतल्या कामगार स्त्रियांच्या 98 टक्के तान्ह्यांना अफू दिली जात असल्याची नोंद झाली. हा आकडा वाचून आईला अडाणी ठरवणं सोपं आहे. मूल ठेवायचं कुठे, हा प्रश्न तिला कुणी विचारला? कारखान्यात 50 हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर हवं, असं 1948 च्या कायद्याने सांगितलं. 1976 मध्ये ही मर्यादा 30 वर आली. 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कार्यालयांची पाळी मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने आली.

गोळी गेली, गुंगीचा मोह राहिला. सर्दीचं सिरप झोपेसाठी पाजणारी घरं आजही आहेत. अशा सिरपमध्ये असणाऱ्या क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिन या औषधांच्या मिश्रणावर ‘4 वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्ये निघाला, पण तो सर्दीच्या औषधापुरता.

बालरोगतज्ज्ञ आता ठरलेली वेळ, मंद दिवे आणि झोपेआधी तासभर मोबाइल बंद, असं सांगतात. विरार-कल्याणची लोकल पकडून रात्री नऊला घरी टेकणाऱ्या आईबापांचं गाडं ठरलेल्या वेळेपाशीच अडतं.