अर्राबिदा : चुनखडीच्या खाणीतील वनस्पती-पुनरुज्जीवन

पोर्तुगालमधील सेतुबाल शहराच्या पश्चिमेस, अटलांटिकच्या काठाने गेलेल्या अर्राबिदा डोंगररांगेत ओताउं येथे सिमेंटसाठी चुनखडी व मार्ल (चिकणमातीमिश्रित चुनखडी) काढली जाते. 1976 मध्ये हा डोंगर निसर्ग-उद्यान म्हणून घोषित झाला. खाण वरून खाली, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत असल्यामुळे वरच्या पायऱ्यांवरील काम संपताच तेथे लागवड करता येते, आणि 1980 च्या दशकापासून ती केली जात आहे.

येथे खरी अडचण मातीची आहे. उघड्या खडकात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते, मुळांना शिरायला फटी थोड्या असतात आणि उन्हाळा कोरडा जातो. आपल्याकडे रोपे पावसाच्या तोंडावर लावतात. न्याय तिथेही तोच आहे, पण पाऊस शरदात सुरू होत असल्याने लागवडही तेव्हाच करावी लागते. कॅरोब, रानटी ऑलिव्ह आणि पिस्त्याच्याच वंशातील, पान चुरगळताच राळेचा वास सोडणारे मॅस्टिक ही तीन कणखर पानांची झाडे लावून खत, पाणी धरून ठेवणारे जेल आणि मुळांवरील सहजीवी बुरशी यांचे परिणाम लिस्बनच्या संशोधकांनी येथे तपासले.

सुरुवातीच्या लागवडीत अलेप्पो पाइनचा भरणा मोठा होता. हा वृक्ष भूमध्य प्रदेशाचा असला, तरी या किनाऱ्याचा मूळ रहिवासी नाही. तो निकृष्ट जमिनीत झपाट्याने वाढतो, त्यामुळे उघडा कडा लवकर झाकला जातो. पण हिरवा झालेला डोंगर आणि पूर्ववत झालेला डोंगर यांत फरक आहे, आणि तो येथे ठळकपणे दिसतो. पाइनची दाट सावली व पाण्यासाठीची स्पर्धा यांमुळे खालची झुडपे खुरटतात, शिवाय राळयुक्त लाकूड आणि सुक्या सुयांचा थर वणव्याला निमंत्रण देतो. मॅस्टिक व रानटी ऑलिव्हची फळे खाणारे पक्षी मात्र या पाइनवर विसावतात आणि विष्ठेतून बिया टाकतात, म्हणून सगळेच पाइन एकदम तोडणेही शहाणपणाचे ठरत नाही. यावर उपाय म्हणून पाइनची विरळणी करून पाहिली असता खालच्या झुडुपांच्या थरात अनुकूल बदल दिसून आला. अशा कामाला मापदंड म्हणून त्याच डोंगरावरील ‘माता दो सोलितारिओ’ हे संरक्षित जुने जंगल हाताशी आहे. तेथे ओक, फिलिरिया (ऑलिव्हच्या कुळातील सदाहरित झुडूप), मॅस्टिक यांच्या दाटीत खडक क्वचितच दिसतो.