हृदयातल्या रक्तवाहिन्यांना फुटवे आणता येतात का?

अँजिओग्राफीत एखादी धमनी १०० टक्के बंद दिसते आणि तो माणूस मात्र स्वतःच्या पायांनी दवाखान्यात चालत आलेला असतो, असं कसं? तर त्याच्या हृदयाने आजूबाजूच्या बारीक वाहिन्या हळूहळू रुंद करून आडवाटेने रक्त आणलेलं असतं, यांना डॉक्टर लोक कोलॅटरल म्हणतात. सगळ्यांच्याच नशिबात ते नसतं. मग ज्यांची बायपासही होत नाही नि स्टेंटही बसत नाही, त्यांना औषध देऊनच असे फुटवे आणले तर?

यातला हिरो व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन. ऑक्सिजन कमी पडला की पेशी ते सोडतात आणि जवळच्या केशवाहिन्यांना कोंब फुटतात. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ जेफ्री इस्नर यांनी १९९४ मध्ये या प्रोटीनचा जीन आधी पायाच्या धमनीत वापरला, मग १९९८ मध्ये त्यांच्या टीमने ५ पेशंटच्या थेट हृदयाच्या स्नायूत टोचल्याचं प्रसिद्ध केलं. पाचही जणांचं छातीत दुखणं कमी झालं, त्यामुळे सगळे एकदम खूश!

पण तुलनेला दुसरा गट नव्हता ना. नंतर व्हिवा नावाच्या ट्रायलमध्ये १७८ पेशंटना कुणाला हे प्रोटीन दिलं, कुणाला नुसतं खोटं औषध, आणि ६० दिवसांनी ट्रेडमिलवर बघितलं तर औषधवाले सरासरी ३० सेकंद जास्त चालले आणि खोटं औषधवाले चक्क ४८ सेकंद! (१२० दिवसांनी जास्त डोसवाल्यांच्या दुखण्यात थोडा फरक दिसला, पण तेवढाच.) अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, या बाबतीत फार फसवा आहे. १९५९ मध्येच अमेरिकेत १७ जणांवर हे दिसलं होतं, तेव्हा छातीतली धमनी बांधायचं ऑपरेशन चालायचं आणि काहींची नुसती कातडी कापून शिवली तरी त्यांनाही तितकंच बरं वाटलं.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. व्हीईजीएफने येतात त्या केशवाहिन्या, म्हणजे नाजूक बारीक नळ्या, वर त्या पाझरतात पण. हे प्रोटीन १९८३ मध्ये सापडलं तेच मुळी वाहिन्या पाझरायला लावणारं म्हणून. डायबेटीसवाल्यांच्या डोळ्यात जे इंजेक्शन देतात ते ह्याच प्रोटीनला अडवायला असतं, म्हणजे डोळ्याचे डॉक्टर जे थांबवतायत तेच हृदयवाल्यांना हवंय. हृदयाला हवी स्नायूची भिंत असलेली जाड धमनी, आणि ती नुसत्या कोंबांनी होत नाही, तिच्यातून रक्ताचा जोरदार प्रवाह वाहत राहावा लागतो. शिवाय नुसतं प्रोटीन रक्तात सोडलं तर तासाभरातच बरंचसं संपतं.

म्हणून आता एमआरएनए, म्हणजे कुठलं प्रोटीन बनवायचं ते पेशीला सांगणारी चिठ्ठी; हो, कोविडच्या काही लसींमध्ये होतं तेच तंत्र. बायपास चालू असतानाच ते हृदयात टोचायचं आणि पेशींकडूनच काही दिवस प्रोटीन बनवून घ्यायचं. पहिल्या ट्रायलमध्ये ७ जणांना खरं, ४ जणांना खोटं दिलं. औषधामुळे गंभीर त्रास कुणाला झाला नाही, पण ११ माणसांवरून धमन्या वाढल्या की नाही ते कसं ठरवणार?