पसरलंय की वेगळंच काही?

‘मॅडम, पसरलंय ना?’ रामबागेतल्या एका रुग्णाच्या भावाने मला विचारलं. रुग्ण बेचाळीस वर्षांचा. कॅन्सरमुळे सहा वर्षांपूर्वी एक किडनी काढलेली. आता चालताना तोल जायचा, सकाळी डोकं ठणकायचं. एमआरआयमध्ये लहान मेंदूत गाठ दिसली आणि ऑपरेशन करून ती काढली.

मी इथे इंदूरमध्ये पॅथॉलॉजिस्ट आहे. ‘भाऊ, आधी तुकडा बघू द्या,’ एवढंच म्हणाले. आधी कॅन्सर झालेल्याच्या मेंदूतली गाठ बहुतेक वेळा त्याचीच असते, हे खरं. पण १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मेंदूत पसरलेली एकच गाठ आहे असं धरलेल्या ५४ रुग्णांपैकी ६ जणांचं निदान तुकडा तपासल्यावर बदललं. काहींना तर नुसता पू झाला होता.

काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, मध्ये साबणाच्या फेसासारख्या रिकाम्या दिसणाऱ्या पेशी. त्यांतली चरबी तुकडा तयार करतानाच विरघळून जाते. किडनीचा ‘क्लिअर सेल’ कॅन्सर असाच दिसतो आणि हेमँजिओब्लास्टोमा ही मेंदूतली दुर्मिळ गाठही! या साम्यामागचं कारण मला फार विलक्षण वाटतं. दोन्हींत अनेकदा व्हीएचएल हे एकच जनुक बिघडलेलं असतं. ते बिघडलं की भरपूर प्राणवायू असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवत राहते.

मग मार्कर लावले, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या केल्या. हेमँजिओब्लास्टोमाकडे बोट दाखवणारा इन्हिबिन उठून आला, किडनीकडे बोट दाखवणारे पॅक्स-८ आणि सायटोकेराटिन कोरे राहिले. पण एकट्यादुकट्या मार्करवर मी सही करत नाही, त्यांनाही अपवाद असतात. किडनीचा जुना ब्लॉक मागवला. भावाने तो रुमालात गुंडाळून आणला, आगपेटीहून लहान, मेणात बसवलेला तुकडा. (असे ब्लॉक कृपा करून हरवू नका.) त्याच्यावरही तेच मार्कर लावले, निकाल नेमका उलटा आला.

मेंदूतली गाठ हेमँजिओब्लास्टोमाच होती. ती पूर्ण निघाली होती, त्यामुळे तिच्यासाठी केमो किंवा शेक (रेडिएशन) लागला नाही. मात्र दोन्ही गाठी एकाच माणसात म्हटल्यावर जन्मजात व्हीएचएल दोषाची शंका येतेच, आणि तो मुलांत उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. जनुक चाचणीसाठी त्यांचं रक्त पाठवलं. दोष सापडला तर पुढची तपासणी त्यांच्या मुलीची आणि रुमाल घेऊन आलेल्या त्या भावाची.