साधेपणा की काटकसर? लेंटमध्ये सारख्याच दिसणाऱ्या दोन गोष्टी

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळातला, शुक्रवार. मटण-चिकन आणायचं नाही, हे ठरलेलंच. म्हणून कोळणीकडून दोन मोठी पापलेटं घेतली, रवा लावून तळली, सोबत आंबट कालवण आणि भात. नियम मोडला का? नाही. त्या दिवशी मांस वर्ज्य असतं, मासळी नाही. पण मटणापेक्षा महाग ताट जेवून साधेपणा पाळला, असंही म्हणता येत नाही. आता शेजारचं घर घ्या. तिथे नुसती डाळ, भात आणि सुक्या बोंबलाची चटणी. हे घर साधेपणाने जेवलं? दिसतंय तरी तसं. पण वाचलेल्या पैशांचं पुढे काय झालं, हे कळल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

काटकसर आणि साधेपणा बाहेरून अगदी एकसारखे दिसतात. दोन्हींत खर्च कमी, ताट लहान, खरेदी बंद. लेंटमध्ये तर हमखास गल्लत होते, कारण कॅथलिक चर्चचा नियम फार थोडं सांगतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मधले सहा रविवार वगळले की चाळीस दिवस होतात. त्यांतल्या दोनच दिवशी, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला, १८ ते ५९ वयाच्या माणसांनी उपवास करायचा: एक पोटभर जेवण आणि लागलंच तर दोन वेळा थोडंसं खाणं. १४ वर्षं पूर्ण झालेल्यांनी त्या दोन दिवशी आणि लेंटच्या सगळ्या शुक्रवारी मांस टाळायचं. बाकीचे दिवस कसे काढायचे, हे बरंचसं आपल्यावर सोपवलेलं आहे.

वसईत आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन डबे असायचे. एक बिस्किटांचा पत्र्याचा, दुसरा झाकण पिचलेला स्टीलचा. स्टीलच्या डब्यात आई वर्षभर घरखर्चातून उरलेले पैसे टाकायची. शाळेची फी, पावसाळ्याआधी कौलं शाकारणं, अडीअडचण. पत्र्याचा डबा मात्र फक्त लेंटमध्ये फळीवरून खाली यायचा. शुक्रवारी संध्याकाळी ती बाबांना विचारायची, "आज मटणाचा काय भाव होता?" बाबा सांगायचे, आणि तेवढेच पैसे मोजून डब्यात पडायचे. आम्ही न खाल्लेल्या मटणाचे पैसे. एका वर्षी मला कंपासपेटी हवी होती आणि स्टीलचा डबा रिकामा होता. मी पत्र्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "त्यात आपले पैसे नाहीत गं." ईस्टरच्या आधी तो डबा चर्चमधल्या दानपेटीत रिकामा व्हायचा.

आईने हे कुठे वाचलं नव्हतं, पण ही रीत फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्माचा मेंढपाळ' या ग्रीक ख्रिस्ती लेखनात उपवासाची रीत दिली आहे: त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घे, एरवी जे खाल्लं असतं त्याची किंमत काढ आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. किंमत काढ, असं स्पष्ट सांगितलंय. अमेरिकेत १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन इथल्या कॅथलिकांनी आफ्रिकेतल्या साहेलच्या दुष्काळासाठी हेच केलं. साधं जेवण करायचं आणि वाचलेले पैसे टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या पेटीत टाकायचे. ती 'राइस बोल' तिथल्या घरांत लेंटमध्ये अजून असते.

काटकसर वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्या स्टीलच्या डब्यावर मी शिकले. ज्या घरात महिनाअखेरीस ओढाताण होते, तिथे काटकसर हीच मोठी जबाबदारी असते. पण पत्र्याच्या डब्याचं काम ती करत नाही. आणि एका बाबतीत तर ती उलट्या दिशेला जाते.

लेंटमध्ये खर्च कमी करायचा म्हणून भाजीवालीशी घासाघीस केली, मेथीची जुडी पाच रुपयांनी कमी करून घेतली. पाच रुपये वाचले खरे, पण गेले कुणाचे? पहाटे उठून टोपली घेऊन आलेल्या त्या बाईचे. घरी पाहुण्यांची जेवणं बंद, म्हणून घरकामाच्या मावशींचे चार दिवस कापले, तरी तेच. काटकसरीची किंमत अशी गुपचूप दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येते. साधेपणाची किंमत स्वतःलाच भरावी लागते. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ५८व्या अध्यायात देवाची तक्रार नेमकी हीच आहे: तुम्ही उपवास करता, पण त्याच दिवशी स्वतःचा फायदा बघता आणि मजुरांना राबवून घेता. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, हे वाचन असतं. लेंटला दोन दिवस होतात न होतात तोच ते समोर येतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाहुणा आला की फरक लगेच उघड होतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन कॅसियन हा ख्रिस्ती संन्यासी इजिप्तच्या वाळवंटातल्या तापसांना भेटायला गेला. एकीकडे ते कडक उपवास करत, पण पाहुणा आला की उपवास मोडून त्याच्यासोबत जेवत. असं का, हे त्याने विचारलं. एका वृद्ध तापसाच्या उत्तराचा आशय असा: उपवास तर कायम माझ्याजवळच आहे, तुम्ही मात्र निघून जाल, उपवास मी माझ्या मर्जीने करतो, प्रेमाने वागणं मात्र देवाची आज्ञा आहे. काटकसर करणारा पाहुण्याच्या कपातलं दूध कमी करतो. साधेपणाने राहणारा स्वतःच्या कपातलं.

पैशांशिवायही हे होतं. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात संत तेरेझा (१८७३–१८९७) रोज संध्याकाळी एका आजारी, किरकिऱ्या वृद्ध सिस्टरला हात धरून जेवणघरात नेऊन बसवायची. म्हातारीला बरोबर धरावं लागे, हळू चालावं लागे, आणि तरी बोलणी खावी लागत. एकदा तेरेझाच्या लक्षात आलं की तिला भाकरीचे तुकडे करायला त्रास होतो. तेव्हापासून न सांगता ती तेही करून द्यायची, आणि निघताना हसायची. रोजची पाचदहा मिनिटं, तेरेझाच्या स्वतःच्या वेळातली.

विरार लोकलमध्ये हे मी रोज बघते. तिघींच्या सीटवर चौथी येऊन उभी राहते. "जरा सरकता का?" कुणी ऐकूनही मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. कुणी नुसती कूस बदलते. आणि एखादी उजवीकडच्या बाईला विनंती करून, पर्स मांडीवर घेऊन, पाय आत ओढून वीतभर जागा करते. या लेंटमध्ये मी रोज तेवढं करायचं ठरवलंय, "सरका" म्हणायची वेळ तिच्यावर यायच्या आधी. काल नालासोपाऱ्याला चढलेल्या बाईच्या हातात दोन पिशव्या होत्या. एक मी मांडीवर घेतली, ती टेकली आणि अंधेरीपर्यंत झोपली.