डिचोलीचा दगड की लघुग्रहाचा गाभा?

गोव्यात जड, काळसर, चुंबकाला चिकटणारा दगड सापडला, तर तो बहुधा खाणीतलाच असतो. डिचोली, सांगे, केपे पट्ट्यात असे दगड पायलीला पन्नास. टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासा: रेघ तांबूस आली तर हेमाटाइट, काळी आली तर मॅग्नेटाइट, दोन्ही लोहखनिजंच. गंज नसलेल्या लोह-अशनीची (अवकाशातून पडलेल्या लोखंड-निकेलच्या तुकड्याची) अशी रेघ सहसा उमटत नाही.

मग घनता काढा. हवेत ३९० ग्रॅम भरलेला तुकडा दोऱ्याने पाण्यात लटकवल्यावर ३४० भरला, तर घट ५०; ३९० भागिले ५०, म्हणजे ७.८. लोह-अशनी याच्या आसपास असते, हेमाटाइट ५.३ वर थांबतं. पण भंगारातलं पोलादही ७.८ दाखवतं, आणि घोटाळा होतो तो नेमका इथेच. निकाल लावतं निकेल: अशनीत बहुधा ५ टक्क्यांहून जास्त, साध्या पोलादात नगण्य.

हे निकेल आलं कुठून? सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वी ॲल्युमिनियम-२६ च्या किरणोत्सारी उष्णतेने अनेक छोटे ग्रहपिंड वितळले आणि लोखंड-निकेल केंद्राकडे उतरलं. वर खडकाचं आवरण असल्यामुळे अनेक गाभे दहा लाख वर्षांत काही अंश किंवा काहीशे अंश इतक्या संथपणे निवाले. निवताना टेनाइट या जास्त निकेलच्या मिश्रधातूतून कामासाइट या कमी निकेलच्या मिश्रधातूच्या पट्ट्या वाढल्या आणि त्यांची नक्षी बनली. घन धातूत निकेलचे अणू फार हळू सरकतात, त्यामुळे अशी ठसठशीत नक्षी कुठल्याच भट्टीत तयार होत नाही. पुढे टकरींत गाभे फुटले आणि त्यांचे तुकडे आपल्याकडे आले. ही विडमनश्टेटन नक्षी प्रत्येक लोह-अशनीत मात्र नसते. नामिबियातल्या ६० टनी होबा अशनीमध्ये ती डोळ्यांना दिसत नाही.

विकत घेतलेल्या अशनीच्या कापावर नक्षी उठवायची तर १२० पासून १००० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा. इथेनॉलमध्ये ३ ते ५ टक्के नायट्रिक ॲसिड घालून (ॲसिड अल्कोहोलमध्ये, उलट नाही) काही मिनिटं ब्रशने फिरवा. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. उरलेलं मिश्रण बाटलीत घट्ट बंद करून ठेवू नका. वायू साठून ती फुटू शकते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काप बुडवा, अल्कोहोलमध्ये धुवा, ओव्हनमध्ये १०० अंशांवर वाळवा. फेरिक क्लोराइड सोपं वाटतं, पण त्यातला क्लोराइड भेगांत राहतो आणि गंज आतून सुरू होतो. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा उरलेलं काम करतात. स्वस्तात मिळणारी अर्जेंटिनातली कॅम्पो देल सिएलो अशनी तर गंजण्यासाठी बदनामच आहे. तेलाचा पातळ हात फिरवा आणि सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा; जेल ओलावलं की बदला.

कुठे संशयित तुकडा सापडलाच, तर त्यावर निओडायमियमचे जबर चुंबक लावू नका, अशनीतली प्राचीन चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते. दोऱ्याला टांगलेला साधा चुंबक पुरतो. कापण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला दाखवा.